धरणातली हाडं

बिश्केकच्या प्रयोगशाळेत मी माझ्या नंबरची वाट बघत होते. पुढे खिडकीशी बुरुलकान आपा उभ्या होत्या. त्यांचा मुलगा धरणात बुडाला, त्याला अकरा वर्षं झाली. यंदा पाणी आटलं आणि गाळात एका माणसाची हाडं सापडली.

खिडकीमागची तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "आपा, तुमच्या रक्ताशी जुळवता नाही आलं. हाडांतला डीएनए तुटून गेलाय."

"कशानं गं?"

"पाण्यानं."

"मागं तूच म्हणालीस, पाणी त्याला धरून ठेवतं."

"जिवंतपणी धरतं, आपा. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगलेले असतात, म्हणून त्याचा पीळ टिकतो. कुठं तुटलंच तर शरीर सांधतं. माणूस गेला की सांधणारं कुणी उरत नाही, आणि तेच पाणी एकेक कडी तोडत जातं."

"म्हणजे हा माझा कुबान नाही?"

"असेल. नसेलही. आता कुणालाच सांगता येणार नाही."

"माझ्याशिवाय कुणी रक्त दिलंय?"

"तिघींनी. त्यांचीही मुलं त्याच धरणात गेली."

"त्यांना सांगितलंस?"

"उद्या सांगणार."

"आजच बोलाव, पोरी. चारही घरचे पुरुष मिळून या हाडांना माती देतील. आम्ही चौघी रिवाजाप्रमाणे शोकाच्या तंबूत एकत्र बसून रडू."