शेवटच्या रकान्यातली खूण

हॅलो? … कोण? … अरे धाकट्या, तू? आज समुपदेशकांकडे जायचं होतं ना तुला? … बाहेर म्हणजे कुठे? … जिन्यावर. बरं. … नाही रे, कामात नाहीये. शाळेचे गणवेश आहेत, ते कुठे पळून जातायत? थांब, मशीन बंद करते. … हं. बोल.

… परत निघालास? … वेळ किती आहे अजून? … पंधरा मिनिटं ना? मग पंधरा मिनिटं अक्काशी बोल, नंतर जा हवं तिथं. मी काय तुला दोरीने बांधणार आहे?

… वेडे जातात? मी गेले होते, मी वेडी? … हसू नकोस. … हो, मीच. तुझे भावजी गेल्यावर, वर्षभर. दर बुधवारी शिवणवर्गात शिकवायला जाते म्हणायचे ना? … कसला वर्ग! थाप होती ती. … आता सांगतेय ना.

… काय करतात म्हणजे? काही नाही. एक खुर्ची तुझी, समोर एक त्यांची. … आडवं-बिडवं करत नाहीत, ते सिनेमात. … गोळ्यांचे डॉक्टर वेगळे. लागल्याच तर, आणि तेही तुला विचारून. इथे पन्नास मिनिटं बोलायचं नि घरी यायचं. … नाही सुचलं तर गप्प बस. मी पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं काजं-बटणांवर बोलले. … अगदी! त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आणि निघताना दाराशी माझ्या तोंडून गेलं, 'अजूनही दोघांचा चहा टाकते हो मी.' … तिथून सुरू झालं.

… बसडेपोत कळेल? … अरे ऐक ना. तिथलं बोलणं तिथंच राहतं. इतकी वर्षं माझं कळलं का कुणाला? तुला तरी? … एवढंच, तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर ते गप्प बसत नाहीत. बसूही नये. आणि कुठला कागद डेपोत जातो, कुठला नाही, हे आत गेल्या गेल्या तूच विचार. लाजायचं नाही.

… फॉर्म? हातात आहे? … कोराच? … अक्षरं हलतायत? अक्षरं आहेत तिथंच आहेत रे. … बरं, बरं, चिडू नकोस. मला वाचून दाखव. … हळू आवाजात. कोण ऐकतंय?

… मला अक्षरं कुणी शिकवली, पंचेचाळिशीला? थांब्यावर उभं करून येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी वाचायला लावायचास. लोक बघायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अडले की काय म्हणायचास? … हां. 'घाई नाही अक्का, बस सुटत नाही. ड्रायव्हर इथं उभा आहे.' … मग? आज मी म्हणते. घाई नाही. वाच.

… 'गेल्या दोन आठवड्यांत…' हं… 'झोप लागायला त्रास…' रकाने किती? … चार. खूण कुठे करतोस? … 'अजिबात नाही'?

… धाकट्या. … पहाटेपर्यंत खिडकीशी उभा असतोस म्हणे. … बायकोवर कशाला ओरडतोस? मी खोदून विचारलं म्हणून सांगितलं तिने. … ऐक. मीही हेच केलं होतं. मला वाटलं परीक्षाच आहे! सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात, एकाखाली एक, टीप घातल्यासारख्या सरळ. म्हटलं, पैकीच्या पैकी मार्क. बाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, 'मग आज इथवर का आलात?' … रडले. दुसरं काय करणार? … तिथं नापास कुणी करत नाही रे. पुढचं वाच.

… 'एखादी घटना पुन्हा पुन्हा…' … हं. … हो. बससमोर आली ती बाई, पण वाचली ना? चालते, फिरते. चौकशीतही तुझी चूक निघाली नाही. … माहीत आहे मला. … माहीत आहे, तरी तुझ्या कानात ब्रेकचा आवाज येतो. तीन महिने झाले. … रोज?

… जेवतानाही?

… मग तेच लिही. शेवटचा रकाना. … केलीस? … आणि झोपेची खूण? … ती पण बदल. … शाब्बास. … रड. मी आहे इथे. …

… रुमाल नाही? आत कागदी रुमालांचा डबा असतो, चांगला मोठा. आपल्यासारखे पुष्कळ येतात तिथे.

… नाही, आजच्या आज बरं नाही वाटणार. खोटं कशाला सांगू? आज नुसते प्रश्न. कधीपासून, घरी कोण, झोप, भूक. उलट दमशील. घरी जाऊन पड जरा. चार-पाच खेपा झाल्या की काय ते कळेल. आणि माणूस नाहीच पटला तर दुसरा मागायचा, राग येत नाही कुणाला. … स्टीअरिंग? … पुन्हा बसशील की नाही, ते मी कसं सांगू बाळा? मला नाही ठाऊक. ते तुम्ही दोघं बघा आत.

… हाक मारली? तुलाच? … मग जा. … नाही, संध्याकाळी आतलं मला काही सांगायची गरज नाही. मी फक्त विचारेन, जेवलास का. … हो, मशीनपाशीच आहे. … जा रे.

… धाकट्या? … हॅलो? … अरे, फोन तसाच घातला वाटतं खिशात. …

… दार लागलं. … खुर्ची ओढली. … 'बसा' म्हणतंय कुणीतरी. आवाज बरा आहे. …

… तो बोलतोय …

नाही. हे माझ्यासाठी नाही. … ठेवते हं, बाळा. घाई नाही.