गाडीत कोण बसतं?

झाशीत परक्याच्या तोंडून मराठी ऐकू आलं की वसुंधराबाईंचे कान टवकारायचेच. आज तर डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्याच बाकावर एक म्हातारं जोडपं वाद घालत होतं.

“आजही रिक्षा करावी लागली. मिस्तरी म्हणतो, गाडीत बिघाड काहीच नाही. मग बॅटरी सारखी उतरते कशी?”

“मला काय विचारता?”

“मी दुपारी झोपलो की गाडीत कोण बसतं, दुर्गा? सीट पुढे सरकलेली असते. माझे गुडघे अडतात.”

“मी बसते.”

“कशाला?”

“किल्ली फिरवते, दिवे लावते, वायपर चालवते. हात बसवतेय. डॉक्टर तुम्हाला गाडी चालवू नका म्हणणार, ठाऊक आहे मला. मग चिरगाँवला लेकीकडे कसं जायचं?”

“अगं, इंजिन सुरू न करता दिवे लावलेस तर बॅटरी उतरणारच!”

“इंजिन सुरू केलं असतं तर तुम्ही जागे झाला असता.”

“वामनजी, अंदर आइए!” कंपाउंडरने हाक मारली.

म्हातारा उठला, चाचपडत दोन पावलं गेला आणि मागे वळला. खिशातली किल्ली काढून त्याने तिच्या हातात ठेवली.

“उद्यापासून मला उठवत जा. मी शेजारी बसेन.”