बिनसाखरेची वडी

(मिरजगाव. नाताळ होऊन तीन दिवस झालेत. सुट्टीत आज्जीकडे राहिलेल्या आठ वर्षांच्या यशयाला काल पहाटे फिट आली. तो आतल्या खोलीत झोपलाय. स्वयंपाकघरात त्याची आई आराधना आणि आज्जी एस्तेर, म्हणजे आराधनाची सासू. वडील बेंजामिन नागापूरला कंपनीत कामावर.)

एस्तेर : साखरेचा कनसुद्धा घातला न्हाई गं. बायबलवर हात ठिवून सांगते.

आराधना : साखर घातली असं मी म्हणतच नाही, आई. वडीत काय काय होतं तेवढं सांगा. डॉक्टरांना फोनवर सांगायचंय.

एस्तेर : खोबरं. तू दिलेल्या काट्यावर मोजून. दुधावरची साय, येलदोडा. पीठ न्हाई, गूळ न्हाई. लेकराला तुपालोन्यावर ठिवलं तरच फिट येत न्हाई, हे दोन वर्सं झाली, मला पाठ हाय. अंडंबी मी मोजून देते.

आराधना : आणि गोड कशानं केली?

एस्तेर : माज्या डब्यातल्या पावडरीनं. हा बघ. शुगर-फ्री हाय.

आराधना : ही तुमच्या चहातली?

एस्तेर : व्हय. मला डायबेटिस झाल्यापास्नं हीच घालते. माजी शुगर वाढत न्हाई, मग म्हनलं त्याला काय व्हनार.

आराधना : मागं बारीक अक्षरात लिहिलंय, आई. गोडपणाला नावापुरतं काहीतरी, बाकी सगळी मक्यापासून केलेली भुकटी. ती पोटात गेली की तिची साखरच होते.

एस्तेर : वर तर केवढं मोठं शुगर-फ्री लिवलंय.

आराधना : चहात चमचाभर घेता, तुम्हाला तेवढ्यानं काही होत नाही. वडीला किती घातली?

एस्तेर : दोन वाट्या. वडी धरंना, मग आनखी जराशी.

आराधना : अरे देवा. त्यानं किती खाल्ल्या?

एस्तेर : मागंल तेवढ्या दिल्या. पोटभर गोड खाताना त्याला कधी बघितलंच नव्हतं. मी हात आडवा घातला न्हाई.

आराधना : गोडासाठी मी थेंबांची बाटली ठेवून गेले होते. त्याला तेवढंच चालतं.

एस्तेर : ते मागनं कडू लागतं. तोंड वाकडं करतो तो. परवा तुमी दोघं परत ड्युटीला गेलात, घरात आमी दोघंच. चर्चमधनं पोरांना खाऊचा पुडा मिळाल्ता. त्यानं फोडलाबी न्हाई. माज्या मांडीवर आनून ठिवला, म्हनला, आज्जी, तू खा. म्या म्हनलं, मलाबी चालत न्हाई रं. तर लई खूश झाला. म्हनला, मग आपन दोघं एका पार्टीत. मला राहवलं न्हाई, आराधना. म्हनलं, दोघं मिळून खाऊ.

आराधना : जूनमध्ये डॉक्टर हे डाएट सोडवणार होते. फिट आली नाही तर. शाळा उघडली की डब्यात पोळी नेशील, असं मी त्याला सांगूनही बसले.

एस्तेर : आन आता?

आराधना : आता फिटशिवायच्या दिवसांची मोजणी परत पहिल्यापासून. अजून किती, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

एस्तेर : मला बोल की काहीतरी. शिव्या घाल.

आराधना : तुमच्यावर राग काढून काय करू? तुम्ही मायेनंच केलंत. पण मला आता भीती वाटते, आई. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला इथं नाही ठेवणार. बेंजामिनशी बोललेय मी.

एस्तेर : तो काय म्हनला?

आराधना : कंपनी सुटली की नागापूरहून गाडी घेऊन येतो म्हणाला.

एस्तेर : न्या बाई. तुमचं लेकरू हाय. मला कळत नव्हतं तर म्या फोन करून इचारायला पायजे हुतं. घरात डबा हुता, वाटलं मला सगळं कळतं.

यशया : मम्मी, तहान लागली.

एस्तेर : उठलास व्हय रं? बस, बस. मी देते. घे, सावकाश पी.

यशया : मम्मी, आज्जीनं दिलेलं पाणी चालतं का?

आराधना : असं काय विचारतोस, यशया?

एस्तेर : इचारू दे त्याला. इचारत जा, बाळा. आज्जीनं दिलं तरी आदी इचारत जा.