दक्षिणेकडची भिंत

शहाण्णव साली नामपल्लीत सरकारी घरांच्या सोडतीच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं.

“भामा, काल पुन्हा कुकटपल्लीला जाऊन आलीस?”

“हो. आपल्या घरांचा गिलावासुद्धा झालाय.”

“आपल्या कुठल्या? सोडत अजून व्हायचीय.”

“बघायला काय किराया लागतो?”

“आणि शेजाऱ्यांची हातोडी कशाला नेली होतीस?”

“एका घरात खिळा ठोकून आले. दक्षिणेकडच्या भिंतीत.”

“कशाला?”

“सासूबाईंच्या फोटोला. इतके मकानमालक झाले, भिंतीला खिळा म्हणून कुणी ठोकू दिला नाही. पितृपक्षात तेवढ्या पेटीतून निघतात, दिवसभर भिंतीला टेकून बसतात, संध्याकाळी पुन्हा पेटीत.”

“अगं, शेकडो घरं आहेत तिथे. आपलं नाव निघालं तरी नेमकं तेच घर कसं मिळेल?”

“नाही मिळणार, मला कळतं ते.”

“मग वायाच गेला की तुझा खिळा.”

“वाया कसा जाईल? ज्यांना ते घर मिळेल, त्यांचंही कुणीतरी पेटीतच असेल ना.”