सैल मॅटचा ठपका

सन्माननीय अध्यक्ष धैर्यशीलराव, व्यासपीठावरील मान्यवर, क्लबचे आजी-माजी खेळाडू आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

आज क्लबने माझ्या वडिलांचा, बाबासो धनवडे यांचा सत्कार केला. आबांना माइकपर्यंत चालवत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी उभी आहे. शाल ऊबदार आहे. साठ वर्षं उशिरा आली, एवढंच.

मानपत्रात लिहिलंय, 'तीस वर्षे मैदानाची निष्ठेने सेवा.' खरं आहे. पण त्याआधी आबा जिल्ह्याच्या संघातून खेळले, हे इथं किती जणांना ठाऊक आहे? तीन सामने, एकोणीस विकेटा. आमच्या वस्तीतला खेळाडू संघात आला, तरी सकाळी खेळपट्टीवरची काथ्याची मॅट त्यानंच अंथरायची, कडेनं खिळे ठोकायचे आणि मग गोलंदाजी करायची.

तिसऱ्या सामन्यात आबांनी सात गडी बाद केले. संध्याकाळी कुजबुज सुरू झाली, "त्यानं मॅट मुद्दाम सैल ठेवली. म्हणून चेंडू उसळत हुता." कुणी जाऊन मॅट बघितली? नाही. पुढच्या सामन्याला आबांचं नाव वगळलं. मॅट अंथरायला या, असा निरोप मात्र आला! ज्याच्यावर लबाडीचा ठपका, त्याच्याच हाती तीस वर्षं मॅट?

आई म्हणायची, "ह्यांचं लगीन माझ्यासंगं न्हाय, खिळ्यांसंगं लागलंय."

मी एकदा चिडून विचारलं होतं, "आबा, गेलातच कशाला?"

"न्हाय गेलो तर म्हणतील, चोर हुता म्हणून पळाला. आन् दुसऱ्या कुणी सैल ठोकली, तर एखाद्याचं तोंड फुटंल की."

अध्यक्षमहाराज, मानपत्राची चौथी ओळ मघाशी आपणच वाचलीत, 'बाबासोंनी अंथरलेली मॅट कधीही सैल पडली नाही.' टाळ्या वाजल्या. आबांनी माझा हात घट्ट धरला. "काय म्हणाले? परत वाचा म्हणावं की."

त्या ओळीखाली आपल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. मग दाराशी लावलेल्या जिल्हा खेळाडूंच्या फलकावर आबांचं नाव का नाही? शाल आम्ही परत करतो. नाव तेवढं लिहा.

आपण बोलावलंत, बोलू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझा शब्द कुणाला लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि अध्यक्षमहाराज, ती चौथी ओळ पुन्हा एकदा वाचा. जरा मोठ्यानं. आबांना कमी ऐकू येतं.