केरबा मामांच्या मनगटावरची पट्टी

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य शेषेराव सर, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती केरबा मामा, त्यांच्या सौभाग्यवती चांगुणाबाई, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो,

आमच्या प्रयोगशाळेचे परिचर केरबा मामा आज निवृत्त होत आहेत. त्यांचं कौतुक सर्वांनी केलं. मला मात्र एक कबुली द्यायची आहे, अध्यक्षांनी तेवढी मुभा द्यावी.

अर्धापूरच्या बागांत घड उतरवला की केळीचं खोड फेकून देतात. त्याच्या तंतूंपासून आम्ही मनगटाला बांधायची पट्टी केली. हात हलला की घर्षणातून वीज होते, त्याच विजेवर ती अंगाची उष्णता मोजते. सेल लागत नाही. अंग फार तापलं की ती वाजावी, उन्हात राबणाऱ्याला वेळेवर इशारा मिळावा, एवढाच हेतू. पंख्याखाली बसलेल्या अकरा विद्यार्थ्यांच्या हातावर ती उत्तम चालली. बारावा हात मामांचा. भर मे महिन्यात ते विष्णुपुरीहून सायकलनं आले आणि घामानं भिजून पट्टी बंद. तीन दिवस तेच.

शोधनिबंधाची मुदत संपत आली होती. मी मामांच्या नोंदी वगळल्या. ‘पट्टी नीट बांधली नव्हती’ असं कारणही लिहिलं. टेबल पुसताना मामांनी ते वाचलं.

“मॅडम, पट्टी तर तुम्हीच बांधली होती,” ते म्हणाले. “अन् माझा घाम चुकीचा कसा काय असंल?”

खोटं कशाला सांगू? मला राग आला. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. पण निबंध काही पाठवू शकले नाही.

पुढची दोन वर्षं घामाशी झुंजण्यात गेली. जवसाच्या तेलाचा थर दिला, मग मेणाचा. एकोणीस पट्ट्या वाया गेल्या. प्रत्येक पट्टी मामांनी बांधून सायकल चालवली. मनगट सोलवटलं, तर दुसऱ्या हाताला बांधली. चांगुणाबाई, त्यावर हळद तुम्ही लावलीत, हे मला फार उशिरा कळलं.

विसावी पट्टी घामात टिकली. गेल्या मे महिन्यात ती बागेत काम करणाऱ्या शिवगंगाबाईंच्या हातावर भर दुपारी वाजली. त्या सावलीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेल्या.

निबंध आता जातो आहे, मामांच्या त्या तीन दिवसांसकट. पावसाळी हवेत पट्टी अजून दगा देते. मामा, ते काम आम्ही अर्ध्यावर सोडणार नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. भाषणातलं उणं-अधिक पोटात घाला. प्रयोगातलं मात्र तोंडावर सांगा.