साहेबांच्या काठीची करकर

मला नुसता चपलावाला म्हणू नका, मी गोल्फच्या काठीलाबी मूठ बसवलीया. दोन हजार सालाच्या आसपास एक रिटायर साहेब शिवाजी पेठेत माझ्या दुकानी आले. काठीच्या मुठीचं रबर पार झिजलं हुतं.

"दर रविवारी मेहुण्यांकडून हरतोय," म्हणाले. "सायकलची मूठ घालू का बॅटचं रबर?"

"दोन्ही नगं. चामडं घाला. हात दावा." पायाचं माप घेतो तसं कागदावर हात ठेवून पेन्सिल फिरवली आणि शनिवारी काठी दिली.

रविवारी साहेब तणतणत हजर. "अहो, मूठ आवळली की कर्रकर्र वाजते. सगळे वळून बघतात."

"वाजणारच की. चपलंत घालतो तशा चामड्याच्या दोन थरांत वाजणाऱ्या बिया घातल्यात. माझा माल वाजल्याबिगर दुकानाबाहेर जात न्हाय."

"मग मी खेळू कसा?"

"तुमी खेळताना हलकं धरा. मेहुणं नेम धरत्यात तवा मागं हुबं राहून आवळा."

पुढच्या रविवारी साहेब आलेच न्हाईत. एक अनोळखी पावणं आलं, खांद्याला काठ्यांची पिशवी. हात कागदावर ठेवला आणि म्हणालं, "दाजींच्यापेक्षा मोठ्यानं वाजली पाहिजे."